डाव्या वाटीत बदक

डाव्या वाटीत बदक, उजव्या वाटीत आठ. खू मनीवोन माझ्या पाठीमागे वेताच्या बुटक्या स्टुलावर बसून एकेक शब्द म्हणायच्या आणि मी समोरच्या ढिगातला एक चिंचोका उचलून यातल्या एका वाटीत टाकायचा. लाओ भाषेत बदक म्हणजे साधारण आपलं 'पेट' आणि आठ म्हणजे 'पॅट'. पण पहिल्यातला स्वर आपल्या 'पेटी'तल्यापेक्षा आखूड आणि दुसऱ्यातला आपल्या 'बॅट'मधल्यापेक्षा लांब. वीस वेळा शब्द, वीस चिंचोके. त्या मागून बघत कागदावर बरोबर-चूक करत जायच्या.

त्या दिवशी, डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला, वीसपैकी अकरा आले.

मी वहीत आकडा लिहिला. नाणं उडवून चिंचोके टाकले असते तरी दहा आलेच असते, म्हणजे तीन महिन्यांच्या शिकवणीची कमाई एक चिंचोका. मी तसं म्हणालेही. खू हसल्या नाहीत. दमलीस, उद्या बघू, असं तुटकपणे सांगून त्या वाट्या उचलून आत गेल्या.

मी दमले नव्हते. नोव्हेंबरात याच खेळात मी रोज अठरा-एकोणीस आणत होते, एकदा तर पुरते वीस.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. भूभौतिकीत एम.एस्सी. करून लाओसमध्ये थाखेक नावाच्या गावी आले होते. गावाच्या एका बाजूला मेकाँग, नदीपलीकडे थायलंड, आणि मागे चुनखडीचे उभेच्या उभे डोंगर. त्या डोंगरांच्या पायथ्याच्या खेड्यांत जमिनीखाली पाणी कुठे आहे ते शोधायचं काम होतं. जमिनीत वीज सोडून खालचा खडक ओळखता येतो, पण कुठली विहीर कधी आटली हे गावातल्या बायकांनाच विचारावं लागतं. दुभाष्यांमार्फत विचारून आमच्या प्रकल्पाची आधी बरीच फजिती झाली होती. म्हणून नियम केला होता की सहा महिन्यांत लाओ बोलता आलं पाहिजे. मार्चमध्ये राजधानीत तोंडी परीक्षा. नापास झालं की परतीचं तिकीट. माझ्या आधी आलेला नेपाळचा एक मुलगा तसाच परत गेला होता आणि त्याचे रबरी बूट अजून कार्यालयाच्या दाराशी पडलेले होते.

खू मनीवोन अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला. शिक्षकाला तिकडे खू म्हणतात. आपला 'गुरू'च तिकडे जाऊन झिजलेला आहे. त्यांच्या भाषेत जोडाक्षरातला र गळतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी माझ्या 'प्रणोती'चं त्यांनी 'पनोती' केलं आणि पुढे सगळा मोहल्ला मला त्याच नावानं हाक मारू लागला. त्याचा मराठीतला अर्थ मी कोणालाही सांगितला नाही.

सुरुवातीला त्या मला आरशासमोर बसवायच्या आणि स्वतः शेजारी बसायच्या, दोघींची तोंडं एकाच आरशात. लाओमध्ये नऊ स्वर, प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ. त्यातले काही आपल्याकडे नाहीतच. एक असा आहे की जीभ 'ऊ'साठी मागे न्यायची आणि ओठ मात्र 'ई'सारखे ताणायचे. "हसत हसत ऊ म्हण," त्या सांगायच्या. मी म्हणायचे आणि खरंच हसू फुटायचं, मग स्वर बिघडायचा. माझे ओठ गोल होऊ नयेत म्हणून त्या माझ्या दातांत बांबूची काडी आडवी द्यायच्या. मी कशी दिसते ते बघायला लात्सामी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढायची.

लात्सामी त्यांची एकुलती एक मुलगी, बावीस वर्षांची. दोन वर्षं ती जिल्ह्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून राबली होती आणि त्या वर्षी तिला हनोईला डॉक्टरकीच्या अभ्यासाची जागा मिळाली होती. सहा वर्षांची शिष्यवृत्ती. सबंध प्रांताला दोन जागा आणि त्यातली एक हिची. ही जागा पुढच्या वर्षावर टाकता येत नाही, घेतली तर घेतली. सोळा जानेवारीची बस ठरली होती. खू एरवी मोजून बोलायच्या, पण भाजीवालीपासून देवळातल्या भिक्खूंपर्यंत प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं होतं. मला तर तीनदा.

डिसेंबरच्या सुरुवातीला आरसा गेला. आता तू डोळ्यांनी ऐकतेस, असं म्हणून खूंनी मला पाठमोरं बसवलं. मला ते पटलं. प्रयोगात एक एक आधार काढून घ्यायचा असतोच. आणखीही काही गोष्टी बदलल्या होत्या. घरात सगळे चिकट भाताचे गोळे करून खात, त्या मात्र हल्ली वाटीतून पातळ पेज घ्यायच्या. सकाळची शिकवणी मध्यंतरी दुपारी चारची केली होती, ती पुन्हा सकाळची केली. मी हे सगळं पाहिलं होतं. तारखेसकट सांगू शकले असते.

अकरा चिंचोक्यांनंतरच्या आठवड्यात मी सातपासून बारापर्यंत कुठेही असायचे. मला भीती वाटू लागली. परीक्षेची तर होतीच, पण त्याहून आपल्या कानात काही बिघाड झालाय की काय याची. खूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, असं होतं, मध्ये एक उतार येतो. कुणाला येतो ते त्या सांगायच्या नाहीत.

माझ्याकडे एक छोटा रेकॉर्डर होता. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या शिकवण्या मी त्यात साठवल्या होत्या, रात्रीच्या जेवणाआधी उजळणी करायला. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी कार्यालयात कोणी नव्हतं. मी आधी स्वतःचा कान तपासला. नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग लावलं, डोळे मिटले, ऐकलं आणि लिहीत गेले. वीसपैकी एकोणीस. जानेवारीचं लावलं. वीसपैकी दहा. पुन्हा नोव्हेंबरचं. वीस.

म्हणजे कान ठीक होता.

मग मी मोजायला बसले. भूकंपाच्या लहरी आम्ही ज्या पद्धतीनं उलगडतो तिनं आवाजही उलगडता येतो. प्रत्येक स्वराला दोन आकडे असतात. तोंड किती उघडलं ते पहिल्यावरून कळतं, जीभ किती पुढे किंवा मागे गेली ते दुसऱ्यावरून. दोन आकड्यांचा एक ठिपका. नऊ स्वरांचे नऊ ठिपके कागदावर मांडले की बोलणाऱ्याच्या तोंडाचा नकाशाच तयार होतो. ऑक्टोबरचे मी निळ्यानं मांडले. ते चांगले ऐसपैस पसरले होते, प्रत्येक आपापल्या कोपऱ्यात. नोव्हेंबरचे हिरवे थोडे आत. डिसेंबरचे नारिंगी आणखी आत. जानेवारीचे लाल ठिपके मधोमध गोळा झाले होते, थंडीत शेकोटीभोवती माणसं बसतात तसे. बदक आणि आठ एकमेकांवर जवळजवळ चढले होते.

मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. सातशेवीस उच्चार, वीस-वीसांच्या सरासरीचा एकेक ठिपका, चार रंग, इतकी स्वच्छ आकृती मला माझ्या प्रबंधातसुद्धा मिळाली नव्हती. चूक माझी नव्हती एवढंच नाही, तर चूक कुठे आहे ते मी शोधून काढलं होतं. कारणांचीही मी यादी केली: रेकॉर्डरची जागा बदलली, सर्दी, घाईनं बोलणं, दातांची नवी कवळी, कंटाळा. पाच कारणं. प्रत्येकापुढे ते कसं तपासायचं तेही लिहिलं. कागद घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवारी खूंकडे लात्सामीचा निरोपाचा विधी होता. कोणी दूर निघालं की तिकडे घरात झेंडूच्या फुलांचा एक मनोरा मांडतात आणि जमलेले सगळे त्या माणसाच्या मनगटावर पांढरा दोरा बांधतात. माणसाच्या अंगात बत्तीस प्राण असतात आणि ते इकडेतिकडे भटकतात अशी समजूत. दोरा बांधताना त्यांना परत बोलवायचं आणि तोंडानं आशीर्वाद द्यायचा, परदेशात ठेच लागू नये, ताप येऊ नये, मास्तरांनी रागावू नये. लात्सामीचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. खूंची पाळी आली तेव्हा त्यांनी दोरा बांधला, गाठीवर अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. बोलल्या काहीच नाहीत. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले.

जेवणं झाल्यावर शेजारच्या खामसिंगकाकांना हुक्की आली. ते नदीवर होडी चालवायचे आणि त्यांना माझी गंमत करायला फार आवडायचं. ते म्हणाले, पनोतीला 'आठ बदकं' म्हणायला लावा. मी म्हटलं. घर हसलं. हे 'बदक बदक' झालं की 'आठ आठ', असं काकांनी विचारलं, आणि वर, राजधानीत हिला परीक्षेत बसवण्यापेक्षा बदकांच्या खुराड्यात बसवा, लवकर शिकेल, असंही सुचवलं. मलाही हसू येत होतं. तेवढ्यात खू म्हणाल्या, "कान कच्चा आहे अजून तिचा."

त्या हळू आणि सहज म्हणाल्या होत्या. पण मला ते लागलं. इतके दिवस मी स्वतःला दोष देत होते आणि आता पंधरा माणसांसमोर त्यांनीही मलाच दिला.

पाहुणे गेले. खू चटईवर टेकून बसल्या, लात्सामी उष्टी भांडी गोळा करत होती. खिडकीतून नदीचा उजेड छतावर हलत होता. मी पिशवीतून कागद काढला आणि चटईवर उलगडला.

"खू, माझा कान कच्चा नाही," मी म्हणाले. "हे बघा."

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या बघू."

मी उद्यापर्यंत थांबू शकले असते. उद्या सकाळी सातला बस होती, आठला त्या घरात आम्ही दोघीच असतो. हे मला तेव्हा माहीत होतं. पण लात्सामी भांडी ठेवून जवळ आली होती, रंग बघून तिला कुतूहल वाटलं होतं, आणि मला कुणाला तरी दाखवायचंच होतं.

मी तिला समजावून सांगितलं. हा निळा ऑक्टोबर, तुझ्या आईचे नऊ स्वर. हा हिरवा, हा नारिंगी. बघ, एकही ठिपका बाहेर जात नाही, सगळे आतच येतायत. लात्सामी गुडघ्यांवर बसली. तिनं निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते हिरव्यावर, नारिंगीवर, लालवर नेलं. दुसऱ्या ठिपक्यावर ठेवलं, तसंच नेलं. नऊच्या नऊ.

"ताई, हे आत का येतायत?" तिनं विचारलं.

"कारण अजून माहीत नाही," मी म्हणाले. मला बरोबरच सांगायचं होतं, मोजलं त्याहून जास्त काही नाही. "बोलताना त्यांची जीभ पूर्वीइतकी हलत नाही, एवढंच यातून कळतं."

"लात्सामी, भांडी राहिलीत," खू म्हणाल्या.

लात्सामी उठली नाही. ती आईकडे बघत राहिली. समोर पेजेची वाटी होती, अर्धी उरलेली.

"आई, जीभ दाखव."

"घरात पाहुणी आहे."

"दाखव."

खूंनी माझ्याकडे पाहिलं. मी अजूनही कागदाचं टोक धरून बसले होते, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग चौतीस वर्षं इतरांना तोंड उघडायला लावणाऱ्या त्या बाईनं मुलीसमोर तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. जीभ स्थिर होती. पण तिच्या कातडीखाली सगळीकडे काहीतरी थरथरत होतं, उकळी फुटायच्या आधी पाणी हलतं तसं. लात्सामीनं दवाखान्यात ते कधीतरी पाहिलं असावं. तिनं विचारलं, कधीपासून. खूंनी कपाटाकडे बोट दाखवलं.

कपाटात, शाळेच्या जुन्या हजेरीपटाखाली, नदीपलीकडच्या इस्पितळाचे कागद होते. नोव्हेंबरच्या चोवीस तारखेचे. नसांचा आजार, आधी जीभ जाते, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. दोन वर्षं, कदाचित त्याहून कमी. भाजी आणायला म्हणून त्या एकट्या होडीनं गेल्या होत्या आणि खामसिंगकाकांना बोलायचं नाही असं बजावलं होतं. पुढचंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. फोनवर बोलायचं नाही, लिहून पाठवायचं. गावात रेंज मिळत नाही असं सांगायचं. लात्सामी जुलैत सुट्टीवर येईपर्यंत पहिलं वर्ष निम्मं झालेलं असेल, मग ती सोडणार नाही.

हे सगळं त्यांनी त्या दुपारी थोड्या शब्दांत सांगितलं, अडखळत, पण शिकवताना सांगायच्या तसं क्रमानं. शेवटी म्हणाल्या, "आता कळलं ना. उद्या जा."

 लात्सामीनं माझा कागद नीट घडी करून मला परत दिला.

सोमवारी सकाळी मीही बसथांब्यावर गेले. खू आधीच आल्या होत्या, लात्सामीची निळी बॅग घेऊन. घर ते थांबा अर्धा किलोमीटर, ती बॅग त्यांनी एकटीनं आणली होती. लात्सामी मागून रिकाम्या हातांनी आली. बस लागली तशी खूंनी बॅग वर चढवली. लात्सामीनं ती उतरवून खाली ठेवली. खूंनी पुन्हा चढवली.  तिसऱ्यांदा बॅग उतरली तेव्हा खूंनी तिच्या दोन्ही मनगटांना धरून तिला पायरीकडे ढकललं. लात्सामी हलली नाही. ड्रायव्हर म्हणाला, काय ते ठरवा, मला वळणावर अजून माणसं घ्यायचीत. मग तो निघून गेला. खू धुरळ्यात उभ्या राहिल्या. लात्सामीनं बॅग डोक्यावर घेतली आणि घराकडे चालू लागली.

दोन दिवस मी शिकवणीला गेले नाही. तिसऱ्या दिवशी खूंनी निरोप पाठवला की फी महिन्याची घेतलीय, खाडा चालणार नाही. मी गेले. पायरीवरच उभी राहिले आणि माफी मागायचं वाक्य जे पाठ करून गेले होते ते अर्ध्यावर विसरले.

"आकडे बरोबर आहेत का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुन्हा तपासलेस?"

"दोनदा."

"मग रडू नकोस. बरोबर उत्तराला मी मार्क कापत नाही." त्यांनी समोरची चटई थोपटली. "बस. तोंड इकडे कर."

आता त्या समोर बसायच्या. लपवायचं काही उरलं नव्हतं. फेब्रुवारी आणि मार्चचा अर्धा, आम्ही एक दिवस चुकवला नाही. सकाळी तासभर त्यांचा आवाज बरा असायचा, मग घसरत जायचा. लात्सामी एकदा म्हणाली की उरलेलं मी शिकवते, माझं तोंड धड आहे, ताईंची परीक्षा आहे. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, पण हे तिनं मनापासून सुचवलं होतं. मी नको म्हणाले. मी खूंकडेच शिकणार असं सांगितलं, आणि खूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, निदान एवढं तरी मी बरोबर केलं. त्या म्हणायच्या, मी त्यांच्या मागून म्हणायचे, त्या मान हलवायच्या, मी पुन्हा म्हणायचे. शेकडो वेळा. त्यांचा नाही म्हणण्याचा इशारा म्हणजे डाव्या हाताची करंगळी, आणि फेब्रुवारीअखेरीस ती क्वचितच वर यायची.

मी पास झाले. परीक्षकांनी, एका वयस्क गृहस्थांनी, कुणाकडे शिकलात असं विचारलं. थाखेकला, एका निवृत्त बाईंकडे, मी म्हणाले. उच्चार थोडे वेगळे आहेत पण कळतात, असं म्हणून त्यांनी सही केली.

मी दोन वर्षं तिथे राहिले. एकवीस गावांत पाणी शोधलं, त्यातल्या सोळांत लागलं. खूंचा आवाज मेमध्ये पूर्ण गेला आणि त्या पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात गेल्या. हनोईची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली होती. लात्सामीनं आईचं सगळं केलं. मी घरी जायचे तेव्हा ती मला पाणी द्यायची आणि आत निघून जायची. माझ्या लक्षात यायचं की मी बोलायला लागले की ती उठते. मी ते समजून होते. तिची जागा माझ्यामुळे गेली होती.

त्यानंतर नऊ वर्षांनी मी पुन्हा थाखेकला गेले, दुसऱ्या कामासाठी, तीनच दिवस. गावात उंच इमारती झाल्या होत्या. लात्सामीनं बाजारात औषधांचं दुकान टाकलं होतं. मी दारात उभी राहिले तेव्हा तिनं ओळखलं, काउंटरमागून बाहेर आली आणि माझे हात हातात घेतले. मला इतकं बरं वाटलं की जे बोलायचं ठरवलं होतं ते मी तिथेच, उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली. लाओमध्ये, न अडखळता. तू कशी आहेस, मी तुला पत्र लिहायला हवं होतं, त्या रविवारचं मला—

तिनं माझे हात सोडले.

"माझ्याशी इंग्रजीत बोल," ती तुटक्या इंग्रजीत म्हणाली.

मी म्हणाले, तुझा राग मी समजू शकते.

"राग नाही." ती शब्द शोधत होती. "राग एक-दोन वर्षं होता. मग नाही. तू आईसारखी बोलतेस. आधीच्या आईसारखी नाही. शेवटच्या." तिनं गळ्याला हात लावला. "तेव्हा पण असंच व्हायचं. आई आत पडून असायची, आवाज गेलेला, आणि बाहेर चटईवर तू तिच्या आवाजात बोलायचीस. मला वाटायचं ती उठून बसली."

दुकानातला पंखा फिरत होता. एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला खोकल्याच्या गोळ्या दिल्या. जुनी रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून होती, माझा आवाज तर होताच. माझे नऊ ठिपके कुठल्या महिन्याच्या रंगावर पडतात ते मला दहा मिनिटांत कळलं असतं. मी आजवर ते मोजलेलं नाही.

आम्ही इंग्रजीत बोलत बसलो. तिची इंग्रजी कच्ची, त्यामुळे फार बोलता आलं नाही. नवरा पुलाच्या कामावर आहे, पाऊस उशिरा आला, औषधं थायलंडहून येतात. तेवढ्यात तिची मुलगी शाळेतून आली. पाच-सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिनं दप्तर टाकलं आणि मला थेट विचारलं, तुम्ही जेवलात का. तिकडे पाहुण्याला पहिलं हेच विचारतात. उत्तराचे शब्द माझ्या जिभेवर आलेच होते. मी लात्सामीकडे पाहिलं, मग मुलीकडे बघून नुसती हसले.

"हिला बोलता येत नाही?" मुलीनं आईला विचारलं.

"आपली भाषा येत नाही तिला," लात्सामी म्हणाली. ती बिलाच्या वहीत बघत होती.

मुलीला माझी दया आली असावी. ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, स्वतःचा पंजा माझ्या तोंडापुढे धरला आणि हाताचा लाओ शब्द म्हणून दाखवला. दीर्घ, स्वच्छ, ओठ ताणलेले आणि जीभ पार मागे. खूंच्या त्या पहिल्या ऑक्टोबरनंतर असा स्वर मला समोर बसून कोणी शिकवला नव्हता. मग ती थांबली. मी तिच्या मागून म्हणावं म्हणून.

लात्सामीचं लिहिणं थांबलं होतं.

मी ओठ ताणले, जीभ मागे नेली, आणि आवाज काढला नाही.

"ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली. "जोरात म्हण."